डबा उघडण्याआधी थांबा: नृत्याचं जुनं फिल्म-फुटेज तपासायचं कसं, ओळखायचं कसं

नृत्य शिकणारी, माहितीपट करणारी, प्रबंध लिहिणारी मुलं जुनी क्लिप घेऊन येतात आणि चुका दर वेळी त्याच असतात. कुणी रीळ मिळाल्याबरोबर प्रोजेक्टरवर चढवलेलं असतं. कुणी मुकी फिल्म बोलपटाच्या वेगानं धावू दिलेली असते, त्यामुळे नर्तक चावीच्या खेळण्यासारखा टकटक हलतो. एका मुलीनं एक अख्खा नाच क्लिपवरून बसवला होता. सादरीकरणाच्या दोन दिवस आधी कळलं की क्लिप उजवी-डावी उलटलेली होती.

उदाहरणासाठी मी मिचिओ इतो हा नर्तक आणि नृत्यरचनाकार घेतलाय. जन्म टोकियोचा, शिक्षण जर्मनीतल्या हेलराऊला दालक्रोझ या संगीतशिक्षकाच्या शाळेत, 1916 पासून न्यूयॉर्क, 1929 पासून लॉस एंजेलिस. त्याच्या काळातली फिल्म तपासताना लागणारे जवळपास सगळे खड्डे एकाच ठिकाणी भेटतात. समजा, एक गंजका डबा हाती आलाय आणि त्यावर पेन्सिलीनं इंग्रजीत लिहिलंय: ‘इतो, बोल’. पुढचं सगळं या डब्याला धरून सांगतो.

तुमच्याकडे फिल्म नसून नुसता व्हिडिओ असेल, तर थेट टप्पा 5 वर जा.

टप्पा 0: टेबल मांडा

लागतं ते एवढंच: स्वच्छ पांढरं टेबल, खालून उजेड देणारी पेटी, भिंग, मिलिमीटरच्या खुणांची लांब पट्टी, धागे न सोडणारे हातमोजे, हातानं फिरवायचे दोन रिवाइंडर, वही आणि पेन्सिल. पेन नको, त्याचा डाग कायमचा पडतो. खिडकी उघडी ठेवा, पंखा बंद.

रीळ शीतगृहातून किंवा फ्रिजमधून आलं असेल तर बंद पिशवीतच खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मुंबई-कोकणाच्या पावसाळी हवेत गार फिल्म उघडली तर दोन मिनिटांत तिला दव सुटतं आणि थर एकमेकांना चिकटतात.

डब्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. झाकणावरचं अक्षर, चिकटपट्टी, दुकानाचं लेबल, आत घडी घातलेली चिठ्ठी, सगळ्याचे. चिठ्ठी ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला ठेवली की ती हमखास दुसऱ्याच डब्यात जाते.

टप्पा 1: आधी नाक, मग डोळे

झाकण उघडून तोंड लांब ठेवा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ॲसिटेटच्या प्लास्टिक बेसची फिल्म कुजायला लागलीय. ही कूज स्वतःच स्वतःला वाढवते आणि शेजारच्या डब्यांनाही लागते, म्हणून ते रीळ त्याच दिवशी वेगळं करा. किती कुजलीय हे ए-डी पट्ट्यांवरून कळतं. निळी पट्टी डब्यात ठेवायची, आम्लानुसार ती हिरवी, मग पिवळी होते. मोजमाप 0 ते 3 असतं. आकडा 1.5 च्या पुढे गेला तर इथून कूज भराभर वाढते, तेव्हा स्कॅन करायला उशीर करू नका.

फिल्म 35 मिमीची आणि 1951 च्या आधीची असेल तर ती नायट्रेटची, म्हणजे झटकन पेटणाऱ्या बेसची असू शकते. चिकट तपकिरी फेस, तपकिरी भुकटी किंवा उग्र वास दिसला तर झाकण लावा आणि अभिलेखागाराला फोन करा.

> इशारा: नायट्रेट आहे का हे बघायला तुकडा कापून जाळू नका. नायट्रेट जळताना स्वतःचा ऑक्सिजन स्वतः तयार करतं, पाण्यानं विझत नाही. कडेवर ‘सेफ्टी’ छापलंय एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. मूळ निगेटिव्हवरची अक्षरं छपाईत पुढच्या प्रतीवर उमटतात.

आपला डबा 16 मिमीचा निघाला असं धरू. 16 मिमी बाजारात आली तीच घरगुती वापरासाठी आणि सहज न पेटणाऱ्या बेसवर. इथे जीव भांड्यात पडतो.

टप्पा 2: रुंदी, छिद्रं, आक्रसणं

16 मिमी 1923 ला आली. म्हणजे 16 मिमीच्या रिळावर कुणी ‘इतो, 1916’ लिहिलं असेल तर ते साल चित्रीकरणाचं नाही, एवढं पहिल्याच मिनिटाला ठरलं. जुन्या मोठ्या फिल्मवरून उतरवलेली प्रत मात्र असू शकते, ते पुढे बघू.

दोन्ही कडांना छिद्रं असतील तर मुकी फिल्म. एकाच कडेला छिद्रं आणि दुसरीकडे आवाजाची पट्टी असेल तर ध्वनिप्रत. मुका नाच नंतर ध्वनिप्रतीवर उतरवलेला असू शकतो, तेव्हा आवाजाची पट्टी दिसली की ‘बोलपट, सेकंदाला 24 फ्रेम’ अशी उडी मारू नका.

आता मोजा. 16 मिमीच्या एका फुटात 40 फ्रेम बसतात, म्हणजे 100 फ्रेमची लांबी 762 मिमीच्या आसपास यायला हवी. फिल्म ताणू नका, टेबलावर सपाट ठेवून मोजा. 754 आली तर ती साधारण 1 टक्का आक्रसलीय.

> पडताळा: सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी मोजा. 0.8 टक्क्याच्या वर आक्रसलेली फिल्म प्रोजेक्टरवर अजिबात नको, दाते छिद्रं फाडतात. खरं तर एकुलती एक प्रत कितीही धडधाकट असली तरी प्रोजेक्टरवर नकोच.

टप्पा 3: कडेवरची खूण वाचा

कोडॅकच्या फिल्मवर कडेला ‘कोडॅक’ शब्दाजवळ बारीक वर्तुळ, चौकोन, त्रिकोण असतात. हे साल आहे. वर्तुळ म्हणजे 1916, चौकोन 1917, त्रिकोण 1918, दोन वर्तुळं 1919 अशी ही मालिका, आणि गोची अशी की ती दर 20 वर्षांनी पुन्हा सुरू होते. एकटा चौकोन म्हणजे 1917, 1937, 1957 किंवा 1977.

आपल्या डब्यात एकटा चौकोन सापडला असं समजा. 1917 ला 16 मिमी नव्हतीच, ते गेलं. उरली 1937, 1957 आणि 1977. इतोनं 1937 मध्ये हॉलिवूड बोल या लॉस एंजेलिसमधल्या खुल्या रंगमंचावर मोठं सादरीकरण केलं होतं. त्यात ‘एतेनराकु’ हे जपानी दरबारी संगीत वाद्यवृंदासाठी बांधलेलं होतं आणि ‘ब्लू डॅन्यूब’ही. डब्यावर ‘बोल’ लिहिलंय. सगळं जुळतंय असं वाटतं, आणि नेमकं इथेच माणूस घसरतो.

खूण सांगते फिल्म कारखान्यात कधी बनली ते. कॅमेऱ्यात ती त्याच वर्षी गेली असेल किंवा दुकानात पडून दोन वर्षांनी. शिवाय मूळ फिल्मवरची खूण छपाईत प्रतीवर उमटते, त्यामुळे एकाच कडेवर दोन खुणा दिसू शकतात. तेव्हा नोंदीत ‘1937’ लिहू नका. ‘फिल्म 1937, 1957 किंवा 1977 ची, चित्रीकरण त्या साली किंवा त्यानंतर’ असं लिहा.

मूळ की प्रत हे ठरवायला एक सोपी युक्ती आहे. फिल्मची एक बाजू चकचकीत असते, दुसरी मंद. मंद बाजूला चित्राचा थर असतो. कॅमेऱ्यातली मूळ फिल्म चकचकीत बाजू तुमच्याकडे धरली की सरळ दिसते. तिच्यावरून थेट घेतलेली प्रत मंद बाजू तुमच्याकडे असताना सरळ दिसते. चौकटीत एखादी पाटी, फलक, जर्सीवरचा आकडा शोधा आणि बघा.

टप्पा 4: स्कॅन करताना काय मागायचं

हे काम घरी होत नाही. पण स्कॅन करणाऱ्याला काय सांगायचं हे तुम्हाला ठाऊक हवं, नाहीतर तो लग्नाच्या कॅसेटसारखा एक गुळगुळीत एमपी4 हातात ठेवतो.

1. फिल्मची प्रत्येक फ्रेम एकदाच, जशी आहे तशी. वेग बसवायचा नाही.
2. छिद्रं आणि कडा दिसतील एवढी मोठी चौकट. कापाकापी नाही.
3. आक्रसलेल्या फिल्मसाठी दात्यांशिवाय ओढणारा स्कॅनर.
4. 2के रिझोल्यूशन, डीपीएक्स किंवा टिफच्या सुट्या फ्रेम. जागा फारच कमी असेल तर एमकेव्हीमध्ये एफएफव्ही1 (चित्र न बिघडवता फाइल लहान करणारा प्रकार).
5. डाग काढणं, थरथर घालवणं, रंग भरणं यांतलं काहीही मूळ फाइलवर नको.

जागेचा अंदाज आधी घ्या. 100 फुटांच्या रिळात 4000 फ्रेम असतात आणि 2के डीपीएक्सची एक फ्रेम साधारण 12 ते 13 एमबीची, म्हणजे 50 जीबीच्या वर. तीन प्रती करा, त्यांतली एक दुसऱ्या गावात ठेवा.

चौकट कापू नका असं का म्हणतोय? इतोचा ‘पिझिकाती’ हा नाच घ्या. संगीत दलीब या फ्रेंच संगीतकाराचं. पाय रोवून उभा असलेला नर्तक जागचा हलत नाही, सगळं काम हातांचं आणि धडाचं, आणि मागे पडद्यावर त्याची अवाढव्य सावली नाचते. सावली त्या रचनेचाच भाग आहे. ‘मागचा काळा डाग जरा उजळ करा’ असं सांगणारे भेटलेत मला. नर्तक मधोमध यावा म्हणून चौकट आत घेतली की सावलीचे हात तुटतात.

> इशारा: कमी फ्रेमच्या फिल्मला कृत्रिम बुद्धिमत्तेनं 60 फ्रेमची करू नका. मधल्या फ्रेममधला हात कुणीच हलवलेला नसतो, तो यंत्रानं कल्पिलेला असतो. नाचाच्या अभ्यासाला ती खोटी साक्ष होते.

टप्पा 5: उजवं-डावं ठरवा

साडीचा पदर उजव्या खांद्यावर दिसला की आपल्याला लगेच खटकतं: एकतर बाई गुजराती पद्धतीनं नेसलीय नाहीतर फोटो उलटलाय. किमोनोचं याहून सोपं आहे, तिथे पद्धत एकच. नेसणाऱ्याची डावी बाजू उजव्या बाजूच्या वर येते, म्हणजे पाहणाऱ्याला उजवीकडची बाजू वर दिसते. उलटा किमोनो फक्त मृताला नेसवतात. चित्रात सगळेच उलटे नेसलेले दिसले तर फिल्म उलटलीय.

इतोचे पोशाख पुष्कळदा किमोनो नसतात, तेव्हा इतर खुणा शोधा. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू वर येते. वादकांमध्ये व्हायोलिनचा गज उजव्या हातात असतो. मोटारीचं स्टिअरिंग अमेरिकेत डावीकडे.

> पडताळा: किमान दोन वेगळ्या खुणा जुळल्याशिवाय ‘सरळ’ लिहू नका. जोड दिलेल्या रिळात एक तुकडा सरळ आणि पुढचा उलटा असू शकतो, म्हणून प्रत्येक जोडानंतर पुन्हा बघा.

टप्पा 6: वेग

सगळ्यात जास्त नासाडी इथे होते, म्हणून इथे थांबू.

हौशी मुकी 16 मिमी साधारण सेकंदाला 16 फ्रेमनं घेतली जायची. ती 24 नं दाखवली तर दीडपट धावते, तीन मिनिटांचा नाच दोन मिनिटांत उरकतो. पण ‘मुकी म्हणजे 16’ हेही ठोकून सांगता येत नाही. स्प्रिंगचे कॅमेरे थोडे पुढे-मागे चालत आणि बऱ्याच कॅमेऱ्यांना वेग बदलायची सोय होती. तेव्हा मोजा.

उडी शोधा. गुरुत्वाकर्षण लॉस एंजेलिसमध्ये आणि लातूरमध्ये सारखंच असतं. शरीर 30 सेंटिमीटर वर गेलं तर हवेतला वेळ साधारण अर्धा सेकंद भरतो. आता असं करा:

1. दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेली पहिली फ्रेम आणि जमिनीला टेकलेली पहिली फ्रेम शोधा. मधल्या फ्रेम मोजा.
2. कंबर किती वर गेली ते पडद्यावर मोजा. पाय मोजू नका, नर्तक ते पोटाशी घेतो.
3. नर्तकाची उंची अंदाजे धरून पडद्यावरचं माप सेंटिमीटरमध्ये आणा. 165 सेंटिमीटरचा माणूस पडद्यावर 330 पिक्सेल असेल आणि कंबर 60 पिक्सेल वर गेली, तर उडी 30 सेंटिमीटरची.
4. अशा उडीत 8 फ्रेम मोजल्या गेल्या तर वेग 16 च्या आसपास, 9 असतील तर 18, 12 असतील तर 24.

एका फ्रेमची चूक झाली तरी उत्तर दोननं बदलतं, म्हणून एकाच उडीवर विसंबू नका. पाच उड्या मोजून सरासरी काढा. ‘पिझिकाती’सारख्या नाचात उडी नसतेच. तिथे पडणारी वस्तू बघा: हातातून सुटलेला पंखा नको, तो तरंगतो, चेंडू, टोपी, कारंज्याचं पाणी चालेल. तेही नसेल तर माणसांची साधी चाल बघा, पण हा पुरावा कच्चा आहे असं लिहून ठेवा.

संगीतावरून वेग ठरवायचा मोह आवरा. ‘हे दलीबच असणार’ असं धरून वेग बसवायचा आणि मग वेग जुळला म्हणून ‘हे दलीबच’ म्हणायचं, याला काही अर्थ नाही. आधी उडीवरून वेग, मग संगीत लावून बघा. जुळलं तर आनंद.

> पडताळा: व्हिडिओ एक-एक फ्रेम पुढे सरकवा. दर तिसरी फ्रेम आधीच्या फ्रेमसारखीच दिसत असेल तर आधीच कुणीतरी 16 ची 24 करून ठेवलीय. तिला पुन्हा सावकाश केलं तर नाच पाण्याखाली चालल्यासारखा दिसेल.

अजून एक. स्प्रिंगचा कॅमेरा एका चावीत जेमतेम अर्धा मिनिट चालायचा. त्यामुळे नाचात मधेच झटका दिसतो तो बहुधा रचनेतला नसतो. तिथे घेणाऱ्यानं चावी भरलीय आणि नाच तेवढा पुढे गेलाय. हे गाळलेले सेकंद धरले नाहीत तर रचना लिहिताना दोन हालचाली उगाच एकमेकींना चिकटतात.

टप्पा 7: नाचतोय कोण?

डब्यावर ‘इतो’ लिहिलंय म्हणून आत मिचिओ असेलच असं नाही. हे आडनाव जपानमध्ये आपल्याकडच्या कुलकर्ण्यांएवढं सर्रास आहे. शिवाय त्याच्या घरातच कलावंतांची रांग: भाऊ युजी मुखवटे आणि पोशाख करणारा, किसाकू नेपथ्यकार, कोरेया सेंदा नट-दिग्दर्शक, पुतण्या तेइजी संगीतकार. जुन्या अमेरिकी कार्यक्रमपत्रिकांत मिचिओचं आडनाव शेवटी ‘डब्ल्यू’ लावूनही छापलेलं सापडतं. सूचीत दोन्ही वर्तनी शोधा, जपानी चित्रलिपीतही शोधा.

मग त्याच्या आयुष्याचा पंचांगासारखा उपयोग करा. 1916 ते 1929 न्यूयॉर्क. 1929 ते डिसेंबर 1941 लॉस एंजेलिस. पर्ल हार्बरनंतर त्याला अटक होऊन नजरकैद झाली. 1943 मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत ग्रिप्सहोम जहाजानं तो निघाला, आणि जपानी जहाजावरची बदली झाली ती मार्मागोव्यात. गोवा तेव्हा पोर्तुगिजांचा, म्हणून तटस्थ. पुढे टोकियो, 1961 मध्ये मृत्यूपर्यंत.

आता आपला चौकोन आठवा. फिल्म 1957 ची असेल तर लॉस एंजेलिसमध्ये नाचणारा माणूस मिचिओ असणं कठीण, तो टोकियोत होता. 1977 ची असेल तर तो हयातच नव्हता. आणि ‘इतो, लॉस एंजेलिस, 1942’ असं लेबल दिसलं तर ते साल चूक धरूनच पुढे जा. डिसेंबर 1941 नंतर अमेरिकेतल्या जपानी नागरिकांना कॅमेरा बाळगायलाच बंदी होती.

रंगीत, स्थिर, स्वच्छ चित्र असेल तर वेगळी शंका घ्या. 1970 च्या दशकाच्या शेवटी सातोरु शिमाझाकीनं इतोच्या रचना न्यूयॉर्कमध्ये पुन्हा बसवल्या, सॉल्ट लेक सिटीच्या रेपर्टरी डान्स थिएटरनंही त्या केल्या. रचना इतोची आणि शरीर दुसऱ्याचं, हे नोंदीत दोन वेगळ्या ओळींवर जातं.

मुला-मुलींची रांग ठरावीक क्रमानं हात वर-खाली नेत असेल तर तो नाच नसून वर्ग असण्याची शक्यता जास्त. इतोच्या पद्धतीत हातांच्या दहा मुद्रा आणि त्यांचे दोन संच, एक पुरुषी, एक स्त्रैण. स्थिती मोजा. दहावर येऊन चक्र पुन्हा सुरू झालं तर तुम्ही तालीम बघताय. रचना ओळखायला त्याची शिष्या हेलन कॉल्डवेल हिचं 1977 चं पुस्तक हाताशी ठेवा.

चौकटीचं ठिकाणही बघा. त्या काळच्या फिल्मला भरपूर उजेड लागायचा, हौशी कॅमेऱ्यानं रात्रीच्या रंगमंचावरचं काही नीट टिपणं अवघड. ‘बोल’वरचा नाच लख्ख उन्हात दिसत असेल तर ती दुपारची तालीम असणार.

जुळणी कुठे करायची? लॉस एंजेलिसचं ‘राफू शिम्पो’ हे जपानी वृत्तपत्र, स्टॅनफर्डच्या हूव्हर संस्थेचा परदेशी जपानी वृत्तपत्रांचा संग्रह, लॉस एंजेलिसच्या जॅपनीज अमेरिकन नॅशनल म्युझियममधली घरगुती फिल्म, न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचा जेरोम रॉबिन्स नृत्यविभाग. 1929 च्या स्थिरचित्रांसाठी तोयो मियाताकेचे फोटो बघा. चेहऱ्यापेक्षा पोशाखाची शिवण जुळवा, ती कमी फसवते. शोधताना शिष्यांची आणि सहनर्तकांची नावंही टाका. लेस्टर हॉर्टन, पॉलीन कोनर अशांच्या नावाखाली ठेवलेल्या डब्यात इतो निघू शकतो.

टप्पा 8: हक्क

थोडक्यात. फिल्म घेणाऱ्याचा, रचना करणाऱ्याचा आणि संगीतकाराचा हक्क वेगवेगळा असतो. डबा तुमच्याकडे असला म्हणून यांतला कुठलाही तुमचा होत नाही. अमेरिकेत अप्रकाशित घरगुती फिल्मवर घेणाऱ्याच्या मृत्यूनंतर 70 वर्षं हक्क राहतो. घेणारा निनावी असेल तर चित्रीकरणापासून 120 वर्षं. अमेरिकी सरकारी कर्मचाऱ्यानं कामाचा भाग म्हणून घेतलेल्या चित्रीकरणावर अमेरिकेत असा हक्क नसतो. ऑनलाइन टाकण्याआधी हक्कदारांच्या कुटुंबाला विचारा. कागद असो नसो, आधी विचारायचं ते त्यांनाच.

टप्पा 9: नोंद लिहा

आपल्या डब्याची नोंद अशी होईल:

*शीर्षक:* डब्यावरील मजकूर ‘इतो, बोल’, पेन्सिल, लिहिणारा अज्ञात.
*वस्तू:* 16 मिमी, मुकी, दोन्ही कडांना छिद्रं, 100 फूट, कृष्णधवल. चकचकीत बाजूनं सरळ, म्हणून कॅमेऱ्यातली मूळ फिल्म.
*स्थिती:* वास सौम्य, ए-डी 1.0, आक्रसणं 0.6 टक्के, दोन जोड.
*फिल्म-साल:* एक चौकोन, 1937, 1957 किंवा 1977.
*दिशा:* सरळ, किमोनो आणि व्हायोलिनवरून. दुसऱ्या जोडानंतर उलट.
*वेग:* 16 ते 17, पाच उड्यांची सरासरी.
*दृश्य:* उन्हात खुल्या रंगमंचावर बारा नर्तक, पुढे एक पुरुष. तीन ठिकाणी कॅमेरा थांबलेला.
*व्यक्ती:* पुढचा पुरुष मिचिओ इतो असावा. पोशाख 1937 च्या छापील फोटोशी ताडायचा बाकी.